सिपमधला खरा पत्ता कुठला? (आणि ३२ सेकंदांत कट होणारे फोन)

यार्डातला · सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. सांगलीत हळदीच्या अडत पेढीवर मी दिवाणजी आहे. काम हिशेबाचं, पण प्रिंटर अडकला तरी हाक मलाच, त्यामुळे नाइलाजानं आयटीवालाही मीच. गणपती पेठेतल्या जुन्या दुकानातला इपीएबीएक्स, म्हणजे पेढीतलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, २०१९ च्या पुरात भिजला होता. पुढं कसाबसा ओढला, यंदा त्यानं मान टाकली. मालक म्हणाले, आता घ्यायचा तर इंटरनेटवरचा घ्या. मग एका जुन्या पीसीवर फोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क टाकलं, आठ आयपी फोन लावले आणि एका ऑपरेटरकडून चार नंबरांची सिप ट्रंक घेतली, म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडायच्या 'सिप' पद्धतीनं चालणारी बाहेरची लाइन. ऑपरेटरचं नाव विचारू नका, उगाच वाद नको.

पेढीतल्या पेढीत फोन झकास चालतात. रडगाणं बाहेरचं आहे. बाहेरून आलेला फोन उचलला, दोन्हीकडचा आवाज स्वच्छ, आणि बोलता बोलता कट. घड्याळ लावून बसलो तर दर वेळी ३२ सेकंद. इरोडच्या व्यापाऱ्याशी मालकांचं 'नमस्कार, पाऊसपाणी काय म्हणतंय' होईतो फोन गेलेला असतो. दुसरं म्हणजे साताऱ्याच्या लँडलाइनला ०२१६२ लावून फिरवलं की ४०४, म्हणजे 'असा पत्ता सापडत नाही', येतं. तिसरं, चार नंबर घेऊन उपयोग काय, कुठल्याही नंबरवर फोन केला तरी काउंटरचाच वाजतो.

आत येणाऱ्या एका कॉलचा लॉग देतोय. मूळ सगळं रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत आहे, इथं वाचता यावं म्हणून देवनागरीत उतरवलंय. खरे नंबर क्ष टाकून झाकलेत, आयपी पत्ते आणि डोमेन बदललेत.

इन्व्हाइट सिप:पेढी@१९२.१६८.१.५०:५०६० सिप/२.०
व्हाया: सिप/२.०/यूडीपी २०३.०.११३.१०:५०६०
फ्रॉम: <सिप:+९१९८क्षक्षक्षक्षक्षक्षक्षक्ष@ट्रंक.उदाहरण>;टॅग=७७अ
टू: <सिप:+९१२३३२क्षक्षक्षक्ष०३@ट्रंक.उदाहरण>
कॉन्टॅक्ट: <सिप:२०३.०.११३.१०:५०६०>

एका कॉलला पाच पत्ते! यातला खरा कुठला धरायचा? दोन दिवस हेच बघून डोकं भणभणलंय.

---

कराडकर_०२१६४ · सोमवार, रात्री ९:५५

राउटर बंद करून चालू केला का ओ?

---

यार्डातला · सोमवार, रात्री ९:५८

चार वेळा. पाचव्या वेळी मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की परत हात लावला नाही.

---

मिरजेची · सोमवार, रात्री १०:३०

दादा, ३२ सेकंद म्हटल्यावर लॉग न बघताच सांगितलं असतं. मी मिरजेत एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. आमचा अपघात विभागाचा फोन असाच कट व्हायचा, तेव्हा आठवडाभर घास गोड लागला नव्हता.

होतं काय, बघा. पलीकडून इन्व्हाइट, म्हणजे फोन जोडायची विनंती, येतो. तुम्ही रिसीव्हर उचलला की तुमचं अ‍ॅस्टरिस्क '२०० ओके' पाठवतं. त्या ओकेतही एक कॉन्टॅक्टची ओळ असते, आणि तिचा अर्थ 'इथून पुढं या कॉलबद्दल जे काही असेल ते मला थेट इथं कळवा'. तुमच्या पीसीला स्वतःचा एकच पत्ता माहीत आहे, १९२.१६८.१.५०. तो बिचारा तोच लिहितो. पण १९२.१६८ चे पत्ते भिंतीच्या आतले. असे पत्ते माझ्या घरीही आहेत आणि कराडकरांच्याही. ऑपरेटर पोच, म्हणजे एसीके, त्या पत्त्यावर सोडतो आणि ती कुठंच पोचत नाही.

इकडं तुमचं मशीन पोचेची वाट बघत तोच ओके परत परत पाठवतं. आधी अर्ध्या सेकंदानं, मग एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, आणि नंतर दर चार सेकंदांनी. सिपमध्ये मूळ माप अर्ध्या सेकंदाचं आहे आणि वाट बघायची ती त्याच्या ६४ पट. करा गुणाकार. ३२ सेकंद भरले की मशीन समजतं पलीकडं कोणी नाही, आणि स्वतःच फोन ठेवतं. लॉगमध्ये एकाच कॉलचे २०० ओके मोजा. पहिला धरून अकरा भरतील.

मग पहिला इन्व्हाइट तुमच्यापर्यंत आला कसा, असं तुम्ही विचाराल. रजिस्टर करताना पाकीट ज्या बाहेरच्या पत्त्यावरून आलं तो ऑपरेटरनं टिपून ठेवलेला असतो, इन्व्हाइट तिकडं सोडतो. कॉल लागल्यानंतर मात्र तो कॉन्टॅक्टवर विश्वास ठेवतो. आणि आवाजाचा पत्ता आणखी निराळा, तो एसडीपी नावाच्या आवाजाच्या तपशिलातल्या 'सी=' ओळीत असतो. तिथंही आतलाच पत्ता गेला असणार, पण जिकडून आवाज येतोय तिकडंच परत आवाज पाठवायचा असं ऑपरेटरचं मशीन करतं, म्हणून तेवढं निभावलं.

उपाय: पीजेसिप, म्हणजे तुमच्या मशीनमधला सिप सांभाळणारा भाग, त्याच्या ट्रान्सपोर्टमध्ये सिग्नलिंगचा बाहेरचा पत्ता, मीडियाचा बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क कुठलं, ही तिन्ही सेटिंगं भरा. तिसरं विसरलात तर पेढीतल्या फोनांनाही बाहेरचा पत्ता जाईल आणि चाललेलं बंद पडेल. राउटरमध्ये सिप एएलजी नावाची मदतनीस सोय चालू असेल तर ती आधी मारा. ती मध्येच पत्ते बदलते, आणि निम्मेच बदलते.

---

यार्डातला · सोमवार, रात्री ११:०४

मोजले. अकरा! ताई, तुम्हाला आमच्याकडून हळद पोच.

सेटिंग आत्ता टाकलंय, सकाळी मालक आल्यावर परीक्षा.

---

एक्स्चेंजवाले · मंगळवार, सकाळी ६:१५

पहाटे उठायची सवय, म्हणून सकाळी वाचलं. 'खरा पत्ता कुठला' हा तुमचा प्रश्न ३२ सेकंदांपेक्षा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

मी टेलिफोन खात्यात उमेदवारी केली ती स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये. तुम्ही घरी तबकडीवर पाच फिरवलात की आमच्याकडं सिलेक्टरचा दांडा टक्‌टक्‌ करत पाच पायऱ्या वर चढायचा, मग आडवा फिरून मोकळी लाइन धरायचा. पुढचा आकडा आला की पुढचा सिलेक्टर हलायचा. रात्रपाळीला त्या आवाजावरून कळायचं गावात किती लोक जागे आहेत. सांगायचं हे की तेव्हा नंबर हे तुमचं नाव नव्हतं, ती वाट होती. एक आकडा म्हणजे एक वळण. नंतर इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, पण मनात तेच बसलं की नंबर कळला म्हणजे वाट कळली.

सिपनं ही गाठ सोडली. १९९९ साली आरएफसी २५४३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणून पहिल्यांदा आलं, २००२ च्या जूनमध्ये आरएफसी ३२६१ नं त्याची जागा घेतली, आणि आज सगळे तेच धरून चालतात. ईमेल आणि वेबच्या जगातल्या माणसांनी हे रचलं, त्यामुळे पत्ताही ईमेलसारखा आहे:

सिप:नाव@यजमान:पोर्ट;पॅरामीटर

@ च्या डावीकडं कोण, उजवीकडं कुणाच्या दारात. डावीकडचं नाव काय आहे हे फक्त त्या दारातल्यानं ठरवायचं, वाटेतल्या कोणी त्यात नाक खुपसायचं नाही. तिथं नंबर असो, 'पेढी' असो, नाहीतर 'बाळू' असो. नावानंतर विसर्ग देऊन पासवर्ड लिहायची सोयही व्याकरणात आहे, पण वापरू नका असं तिथंच लिहिलंय.

उजवीकडं डोमेन असेल आणि पोर्ट, म्हणजे यंत्रातल्या खिडकीचा क्रमांक, लिहिला नसेल, तर मशीन डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीला, विचारतं, या डोमेनचं सिपचं काम कुठल्या यंत्राकडं आणि कुठल्या पोर्टवर? एसआरव्ही नावाची नोंद त्यासाठीच असते. पोर्ट तुम्ही स्वतःहून लिहिलात की ही चौकशी होत नाही. ऑपरेटरनं दोन सर्व्हर ठेवलेत, एक बंद पडला तर दुसरा धरायचा, हे सगळं त्या एसआरव्हीत असतं. आणि आपली माणसं हौसेनं शेवटी :५०६० जोडतात आणि ती सोय घालवतात. 'तोच तर नेहमीचा पोर्ट आहे' म्हणून. नेहमीचाच आहे तर लिहिता कशाला? शिवाय दोन पत्ते सारखे का हे बघताना पोर्ट लिहिलेला आणि न लिहिलेला हे वेगळे धरले जातात, एवढंही लक्षात असू द्या.

आता तुमचे पाच पत्ते. पहिल्या ओळीतला म्हणजे रिक्वेस्ट यूआरआय. हे पाकीट आत्ता कुणाच्या हातात द्यायचं, एवढंच तो सांगतो, आणि वाटेत बदलतो. टू म्हणजे फोन करणाऱ्यानं मुळात कुणाला फिरवला, तो शेवटपर्यंत तसाच राहतो. फ्रॉम म्हणजे करणारा स्वतःला कोण म्हणवतो. म्हणवतो, बरं का. व्हाया म्हणजे उत्तर कुठल्या वाटेनं परत जायचं. कॉन्टॅक्टचं ताईंनी सांगितलंच.

पाचही खरे आहेत. पाच वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत ती. गोंधळ होतो तो एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर दिल्यावर.

---

यार्डातला · मंगळवार, सकाळी १०:२०

काका, कंटाळा कसला, दोनदा वाचलं.

आधी आनंदाची बातमी. सकाळी इरोडचा फोन आला, १४ मिनिटं चालला.

आणि तुमचं वाचताना समोर यार्डात ट्रक उतरत होता, त्यावरून एकदम पेटलं. पोत्यावर शेतकऱ्याचं नाव आणि आमच्या पेढीचा मार्का असतो, तो पोतं फाटेपर्यंत तोच. बिल्टी मात्र माल एका ट्रान्सपोर्टमधून दुसऱ्यात गेला की नवी फाटते, तिच्यावर पुढचा मुक्काम. म्हणजे टू हा पोत्यावरचा मार्का आणि रिक्वेस्ट यूआरआय ही बिल्टी. बरोबर ना?

तसं असेल तर चारही नंबर काउंटरवरच का वाजतात तेही थोडं कळतंय. माझ्या लॉगमध्ये पहिल्या ओळीत 'पेढी' आहे आणि ०३ नंबर टूमध्ये आहे. अ‍ॅस्टरिस्क बिल्टी बघून माल उतरवतंय, मार्का बघतच नाही.

---

एक्स्चेंजवाले · मंगळवार, सकाळी १०:४५

वा! बिल्टीचं आवडलं. एक दुरुस्ती. तुमच्या हमालाला मार्का बघून पोतं कुठल्या थप्पीला लावायचं हे ठरवता येतं. सिपच्या वाटेवरच्या यंत्रानं मात्र टू बघून रस्ता ठरवायचा नसतो, रस्ता फक्त बिल्टीवरून. शेवटच्या दारात, म्हणजे तुमच्या पेढीत, काय बघायचं ते तुमच्या मर्जीवर.

---

मिरजेची · मंगळवार, सकाळी ११:१०

'पेढी' तिथं आलं कुठून, हे पण सांगते. तुमचं मशीन ऑपरेटरकडं रजिस्टर होतं तेव्हा म्हणतं, 'माझ्या खात्याचे फोन या कॉन्टॅक्टवर सोडा', आणि त्या कॉन्टॅक्टमध्ये तुम्ही नाव दिलंय 'पेढी'. कायमचा पत्ता एक आणि सध्याचा मुक्काम दुसरा. तासाभरानं वगैरे ही नोंद शिळी होते, म्हणून मशीन ती परत परत ताजी करतं. फोन आला की ऑपरेटर तुम्ही दिलेला मुक्काम जसाच्या तसा रिक्वेस्ट यूआरआयमध्ये घालतो. चारही नंबर एकाच खात्याचे, म्हणून चौघांची बिल्टी एकच.

तेव्हा डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर आला तर काय करायचं त्या नियमांच्या फाइलीत, 'पेढी' आलं की टू हेडर वाचायचा, त्यातून + पासून @ पर्यंतचा भाग काढायचा आणि त्यावरून कुठला फोन वाजवायचा ते ठरवायचं. चार ओळींचं काम आहे. दुसरा मार्ग म्हणजे स्थिर आयपी घेऊन रजिस्ट्रेशनशिवायची ट्रंक मागायची, मग ऑपरेटर बहुधा फिरवलेला नंबरच पहिल्या ओळीत देतो.

---

अजिंक्यतारा · मंगळवार, दुपारी १:३०

सांगलीवाल्यांना साताऱ्याचा फोन लागंना म्हटल्यावर मला उतरावंच लागलं.

तुमचं ४०४ सोपं आहे. ०२१६२ मधलं शून्य नंबराचा भाग नाहीच. 'मी गावाबाहेर फोन करतोय' अशी एक्स्चेंजला दिलेली ती खूण होती. आंतरराष्ट्रीय पद्धतीत, जिला ई.१६४ म्हणतात, नंबर म्हणजे देशाचा कोड आणि त्यामागं देशातला नंबर, सगळे मिळून जास्तीत जास्त १५ आकडे. आपला ९१ आणि पुढं दहा. सांगलीचा कोड २३३, म्हणून तुमचे स्थानिक नंबर सात आकडी. आमचा २१६२, म्हणून आमचे सहा आकडी. बेरीज दोन्हीकडं दहाच. तेव्हा साताऱ्याचा नंबर ट्रंकवर असा जायला हवा:

सिप:+९१२१६२क्षक्षक्षक्षक्षक्ष@ट्रंक.उदाहरण

लँडलाइनवरून मोबाइललाही आधी शून्य लावायचं हे १५ जानेवारी २०२१ पासून आलं, त्यामुळे तुमच्या काउंटरवरच्या माणसाचा हात आपोआप शून्यावर जात असणार. त्याला शिकवत बसू नका, डायलप्लॅनला शिकवा. दोन शून्यांनी सुरू झालं तर ती काढून +. एका शून्यानं सुरू झालं तर ते काढून +९१. नुसते दहा आकडे आले तर पुढं +९१. सात आकडे आले तर +९१२३३. दोन शून्यांचा नियम एका शून्याच्या आधी तपासला जाईल एवढं बघा, नाहीतर दुबईचा फोन भलतीकडं जायचा. ११२ सारख्या छोट्या नंबरांना हात लावू नका, ते आहेत तसेच सोडा. १८०० चं ऑपरेटरला विचारा.

आकडे कमी पडले तर ४०४ ऐवजी ४८४ येऊ शकतं, म्हणजे पत्ता अपुरा. तो दिसला तर आधी आकडे मोजा.

---

कराडकर_०२१६४ · मंगळवार, दुपारी १:४८

म्हणजे माझ्या नावातलं शून्य काढून टाकू का?

---

अजिंक्यतारा · मंगळवार, दुपारी १:५०

+९१ पण लावा.

---

पलूसचा_पाव्हणा · मंगळवार, दुपारी ३:०५

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर फोन नंबरावर बोट ठेवलं की मोबाइल आपोआप डायल करतो. तिथं 'टेल:' असं लिहिलेलं असतं. ते आणि हे सिप: एकच का?

---

अजिंक्यतारा · मंगळवार, दुपारी ३:४०

नात्यातले आहेत, एक नव्हेत. टेल: मध्ये @ नाही, म्हणजे दारच नाही. फक्त नंबर. तो कुठून लावायचा हे लावणाऱ्यानं बघावं. आरएफसी ३९६६ मध्ये त्याचे नियम आहेत. + नं सुरू झाला तर जगात कुठूनही तोच अर्थ. + नसेल तर तो स्थानिक, आणि मग 'फोन-कॉन्टेक्स्ट' जोडून कुठला स्थानिक ते सांगावंच लागतं:

टेल:२क्षक्षक्षक्षक्षक्ष;फोन-कॉन्टेक्स्ट=+९१२३३

वेबसाइटवर बहुतेक लोक हे जोडत नाहीत आणि नुसता सात आकडी नंबर टाकतात, मग पुण्यात बसून बोट ठेवलं की फोन भलत्याच घरी. तुमच्या सोसायटीचा + पासून लिहून घ्या. मधल्या आडव्या रेघा डोळ्यांच्या सोयीसाठी, नंबर जुळवताना त्या धरत नाहीत.

सिप: मध्ये फोन नंबर घातला तर शेवटी ;यूझर=फोन जोडायची पद्धत आहे, म्हणजे पलीकडच्याला कळतं की @ च्या डावीकडं नाव नसून टेलिफोन नंबर आहे. काही ऑपरेटर ते मागतात, काहींना त्याचं काही नसतं.

---

यार्डातला · मंगळवार, संध्याकाळी ६:१२

साताऱ्याला लागला! चार नंबरही चार ठिकाणी वाजायला लागले.

आता मालकांची फर्माईश. त्यांनी त्यांच्या केबिनमधून फोन केला की समोर त्यांचाच, ०१ वाला, नंबर दिसला पाहिजे. सध्या सगळ्यांचा काउंटरचा दिसतो. फ्रॉम बदलून बघितला, तर ऑपरेटर ४०३, म्हणजे मनाई, देतो.

---

अजिंक्यतारा · मंगळवार, संध्याकाळी ७:००

काही ऑपरेटर फ्रॉममधल्या नावावरून तुमचं खातं ओळखतात, म्हणून तो बदलला की हाकलतात. तसं असेल तर फ्रॉम खात्याचाच ठेवा आणि दिसायचा नंबर पी-असर्टेड-आयडेंटिटी नावाच्या वेगळ्या हेडरमध्ये द्या. काका म्हणाले ना, फ्रॉम म्हणजे करणारा स्वतःला कोण 'म्हणवतो'. हा दुसरा हेडर म्हणजे ओळखीच्या यंत्रानं ओळखीच्या यंत्राला दिलेली खात्री. तुम्हाला दिलेल्या चारांतलाच नंबर असेल तर चालेल. बाहेरचा टाकलात तर ऑपरेटर तो मानणार नाही, आणि मानूही नये.

डायलप्लॅनमध्ये हा हेडर घाला, आमच्याकडं असाच आहे:

<सिप:+९१२३३२क्षक्षक्षक्ष०१@ट्रंक.उदाहरण;यूझर=फोन>

---

यार्डातला · मंगळवार, रात्री ८:२५

घातला. आता बाहेर एकही फोन जात नाही. ४००, चुकीची विनंती. मालक घरी गेलेत म्हणून वाचलो.

लॉगमध्ये हेडर असा दिसतोय:

पी-असर्टेड-आयडेंटिटी: <सिप:+९१२३३२क्षक्षक्षक्ष०१@ट्रंक.उदाहरण

फाइल तीनदा तपासली. फाइलमध्ये पूर्ण आहे, बाहेर जाताना शेपूट तुटतंय.

---

अजिंक्यतारा · मंगळवार, रात्री ८:४०

टोकदार कंस काढून बघा.

---

यार्डातला · मंगळवार, रात्री ८:५२

काढले. ४०० गेलं, फोन लागतोय, पण नंबर काउंटरचाच दिसतो. आणि ;यूझर=फोन अजूनही गायबच.

---

मिरजेची · मंगळवार, रात्री ९:२०

थांबा थांबा, कंस परत घाला. एका अर्धविरामानं तुम्हाला दोन ठिकाणी पाडलंय.

पहिलं. अ‍ॅस्टरिस्कच्या फाइलींमध्ये ; म्हणजे 'इथून पुढं शेरा, वाचू नको'. तुम्ही लिहिलंत पूर्ण, पण फाइल वाचतानाच मशीननं ; पासूनचं सगळं, बंद होणारे कंससुद्धा, शेरा समजून टाकून दिलं. डायलप्लॅन रीलोड करताना 'बंद होणारा कंस सापडत नाही' अशी एक वॉर्निंग सरसर वर गेली असेल. जाते. कोणी बघत नाही. ; च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, म्हणजे तो जसाच्या तसा राहील.

दुसरं. उद्या ; नीट गेला तरी टोकदार कंस काढलेत तर तो वेगळ्याच कुणाचा होतो. कंसाच्या आतला ; पत्त्याचा, बाहेरचा ; त्या हेडरचा. तुमच्याच पहिल्या लॉगमधली फ्रॉमची ओळ बघा, टॅग कंसाच्या बाहेर आहे, कारण तो कॉलची खूण आहे, माणसाच्या पत्त्याचा भाग नाही. म्हणून नियम असा की फ्रॉम, टू, कॉन्टॅक्टमधल्या पत्त्यात अर्धविराम, स्वल्पविराम किंवा प्रश्नचिन्ह असेल तर कंस घालायचेच, पुढं नाव लिहिलेलं असो वा नसो. मी तर काही नसलं तरी घालते. कुंकू लावायचं तसं, सवयीनं.

अजिंक्यतारा भाऊ, तुमच्याकडं 'असाच आहे' तो कुठल्या फाइलीत?

---

अजिंक्यतारा · मंगळवार, रात्री ९:३१

आमच्याकडं तो अ‍ॅस्टरिस्कमध्ये नाही, ट्रंकच्या तोंडाशी दुसरं यंत्र आहे त्यात आहे. तिथं ; चा शेरा होत नाही. माझी चूक, यार्डातले. कंस काढा म्हणालो ते तर अंदाजानंच म्हणालो होतो.

---

यार्डातला · बुधवार, सकाळी ९:५०

उलटी रेघ घातली, कंस परत घातले. मालकांनी केबिनमधून माझ्या मोबाइलवर फोन केला, ०१ दिसला. मालक म्हणाले, 'एवढंच होतं तर दोन दिवस काय करत होता?' काय उत्तर देणार!

वॉर्निंग होती हो. जुन्या लॉगमध्ये सापडली, तारीख-वेळेसकट.

---

पलूसचा_पाव्हणा · बुधवार, सकाळी ११:१५

आणखी एक विचारू का? समोरच्याच्या फोनवर पेढीचं नाव मराठीत दिसेल का?

---

एक्स्चेंजवाले · बुधवार, सकाळी ११:४०

कंसाच्या आधी अवतरणचिन्हात जे नाव लिहितात, ते देवनागरीत लिहायला नियमाची आडकाठी नाही. यूटीएफ-८ चालतं. पेढीतल्या पेढीत दिसेलही, फोनच्या पडद्यात तसा फाँट असला तर. नाहीतर चौकोन. बाहेर मोबाइलवर मात्र नंबरच पोचेल असं धरा. टोकदार कंसाच्या आत, @ च्या डावीकडं, देवनागरी तशीच लिहिता येत नाही, टक्क्याच्या चिन्हानं एकेक बाइट फोडून लिहावी लागते आणि आपल्या एका अक्षराचे तीन बाइट होतात. त्या फंदात पडू नका.

आणि डावीकडच्या नावात रोमनमधलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. उजवीकडच्या डोमेनमध्ये धरत नाहीत. एकानं नाव मोठ्या अक्षरानं नोंदवलं आणि दुसऱ्यानं लहान अक्षरानं शोधलं, आणि दोघं 'पत्ता तोच आहे' म्हणून भांडत बसले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आकडे वापरा, सुखी राहा.

---

यार्डातला · बुधवार, संध्याकाळी ५:३०

शेवटचं विचारतो. संध्याकाळी पेढी बंद करताना सगळे फोन वॉचमनकडं वळवायला मी #२१ असा कोड ठेवलाय. दोन फोनांवरून चालतो, बाकीच्यांवरून नाही. काही फोन # दाबल्या दाबल्या काहीतरी लावून मोकळे होतात.

---

मिरजेची · बुधवार, संध्याकाळी ६:०५

पुष्कळ फोनांमध्ये # म्हणजे 'झालं माझं, आता लाव' असं आधीपासून ठरलेलं असतं. त्यामुळे तुमचं २१ दाबायच्या आतच फोन सुटतो. ते सेटिंग बंद केलंत तरी सिपच्या पत्त्यात # उघडा लिहायला परवानगी नाही, %२३ असा लिहावा लागतो. काही फोन तो तसा फोडून पाठवतात, काही उघडाच पाठवतात, आणि मग पलीकडचं यंत्र काय समजेल त्याचा नेम नाही. * ला ही भानगड नाही, तो तसाच चालतो.

*२१ करा.

---

यार्डातला · बुधवार, संध्याकाळी ६:२२

केला. आठही फोनांवरून चालला. वॉचमन विचारतोय, सगळे फोन त्याच्याकडं का येताहेत. पेढी अजून उघडी आहे.